हरभऱ्याच्या वावरातल्या साड्या

त्या दिवशी फोनवर धाकटीने विचारलं, "आजी, शेतात एवढे कपडे कोणी वाळत घातलेत?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि नेटवर्क गेलं. पुन्हा फोन लागला तेव्हा तिकडे परदेशात तुमची सकाळची शाळेची बस आली होती. उत्तर राहूनच गेलं. ते आता लिहून काढते आहे, कारण ते फोनवर मावणारं नाही, आणि त्या एका प्रश्नामुळे पुढे काय काय झालं ते तुम्हाला कळायला हवं. तुमचे बाबा हे वाचून दाखवतील. एखादा शब्द अडला तर त्यांना विचारा. त्यांनाही अडला तर त्यांनी मला फोन करावा. त्यांचे किती अडतात ते मलाही कळेल.

तुम्ही मला नेहमी पाहता ते मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये, मागे पुस्तकांचं कपाट आणि कोपऱ्यात तुळस. पण थंडी पडायला लागली की मी फ्लॅटला कुलूप लावून एस.टी.त बसते आणि नरखेड तालुक्यातल्या आपल्या वावरावर जाते. वावर म्हणजे शेत. तिथे तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे दीर, आणि त्यांची बायको, म्हणजे माझी जाऊ, अशी दोघं राहतात. शेती तेच करतात. मी इंग्रजी शाळेत शिकले आणि पुढे तशाच शाळेत इंग्रजी शिकवत आले; खुरपं हातात धरलं तर पिकासकट तण काढते. तेव्हा मला कोणी काम सांगत नाही. मी खुर्ची टाकून बघत बसते. बघत बसणं हेही काम आहे, असं मी त्यांना पटवून दिलं आहे.

वावर मोठं नाही. विहिरीच्या एका अंगाला संत्र्याची बाग, तिला लागून मोसंबीची थोडी झाडं. त्यापुढे कपाशी, आणि कपाशीच्या ओळींमधून तुरीचे तास. अगदी शेवटी हरभऱ्याचा एक तुकडा. हा तुकडा जावेचा. कागदावर तसं लिहिलेलं नाही, पण तिथे काय पेरायचं, कधी निंदायचं आणि कोणाला किती वाटायचं हे ती ठरवते. वर्षभराची डाळ त्यातूनच येते. मला मनीषनगरला येणारी सोल्यांची पिशवी, म्हणजे सोललेले हिरवे हरभरे, तीही त्यातूनच. तुमच्या बाबांना सोलेभात आठवतो का ते विचारा.

हरभऱ्याच्या पलीकडे धुरा आहे. दोन वावरांच्या मध्ये मातीची उंच पट्टी सोडलेली असते, तिच्यावर कोणी नांगर चालवत नाही, तो धुरा. आपल्या धुऱ्यावर हिवराचं एक जुनं काटेरी झाड आहे, काही बोरी आहेत, एक पळस आहे, आणि मधल्या जागेत गवत आणि रायमुनियाची झुडपं. दिरांच्या मते ही फुकट गेलेली जागा. मला ती वावरातली सगळ्यात गजबजलेली जागा वाटते. मागच्या वेळी तुम्ही इथे विसरून गेलात ती छोटी दुर्बीण मी आता सोबतच ठेवते. तिच्यातून त्या हिवराकडे पाहिलं की तिथे सतत कोणाची तरी ये-जा चालू असते. एकदा हिवराच्या काट्यावर एक नाकतोडा टोचलेला दिसला. मला वाटलं, वाऱ्याने अडकला असेल. मग खाटीक नावाचा पक्षी आला, डोळ्यांवरून काळी पट्टी ओढलेला, आणि आपण ठेवलेला डबा उघडावा तसा तो नाकतोडा खाऊन गेला. पक्ष्याला खाटीक का म्हणतात, हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं.

आता साड्या.

आमच्याकडे रात्री वावरात रानडुकरं येतात आणि रोही येतात. रोही म्हणजे नीलगाय. घोड्याएवढं मोठं जनावर. एका रात्रीत हरभऱ्याचा सपाटून फडशा पाडतं. म्हणून लोक वावराभोवती काठ्या रोवतात, तार ओढतात आणि तारेवर जुन्या साड्या सोडतात. वाऱ्याने साडी हलली की जनावर बिचकतं आणि मागे फिरतं. हिवाळ्यात एस.टी.च्या खिडकीतून पाहिलं तर गावामागून गाव लाल, निळ्या, पिवळ्या साड्यांनी वेढलेलं दिसतं.

आपल्या हरभऱ्याभोवतीच्या साड्या माझ्या आहेत. दर दिवाळीनंतर जाऊ फोन करते, "बाई, यंदा वावराले काय देता?" आणि मी कपाट लावताना बाजूला काढलेल्या साड्या घडी करून घेऊन जाते. त्यामुळे खुर्चीत बसलं की माझी सगळी नोकरी समोर फडफडत असते. निकालाच्या दिवशी नेसायची ती बिस्किटी, हिरव्या काठाची. खडूचे डाग कधीच न दिसलेली पांढरी. गॅदरिंगला एकदाच नेसलेली जांभळी, जिच्यात मी वांग्यासारखी दिसते असं तुमचे आजोबा म्हणाले होते. तिला बघून रोही पळतात म्हणे.

यंदा जावेने ठरवलं होतं की हरभऱ्यावर फवारणी करायची नाही. त्याला कारण होतं. मागच्या हिवाळ्यात दीर पाठीवर पंप घेऊन फवारून आले आणि ओसरीवर आडवेच झाले. डोळे उघडवेनात, हात थरथरत होते. तालुक्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं. बरे झाले, पण जाऊ ते विसरली नव्हती.

"ते उन्हानं झालं," दीर अजूनही म्हणतात.

"पुसाच्या थंडीत ऊन कुठी लागते जी?" जाऊ विचारते. "तुमचंच डोकं तापते, तेवढंच. माह्या हरभऱ्यात यंदा पंप नाही येणार."

"अन् अळी आली तर काय आरती ओवाळशील तिची?"

घाटे म्हणजे हरभऱ्याच्या शेंगा. घाटेअळी त्यांना भोक पाडते, डोकं आत घालते आणि दाणा खाते; मागचा अर्धा भाग बाहेरच लोंबत असतो. ती वाढली तर घाटे नुसते पोकळ राहतात. गावात शेतीची माहिती द्यायला एक बाई आल्या होत्या, त्यांनी सांगितलं होतं की वावरात जागोजागी काठ्या रोवा, वर एक आडवी काडी बांधा; पक्षी त्यावर बसतील आणि अळ्या टिपतील. त्यांनी त्याला पक्षीथांबे म्हटलं. जावेला ते पटलं. तिने दिरांच्या मागे लागून थांबे करवून घेतले.

दिरांनी थांबे रोवून दिले, पण अटीवर. ते म्हणाले, "संक्रांतीपर्यंत पाहतो. अळी आटोक्यात आली तर तुह्या मनासारखं. नाही तर मी फवारतो, अन् पुढल्या साली हा तुकडा बागेत घेतो. संत्रा लावतो. मंग तो धुराही काढून टाकू. संक्रांत झाली का शेजारच्या वावरात जेसीबी येऊनच राहिला सपाटीकरणाले, त्याच्याच हातानं उरकून घेऊ."

जावेने पदर खोचला आणि ती विहिरीकडे गेली. ती रागावली की बोलत नाही, पाणी शेंदते. मोटार असली तरी शेंदते.

तर असं सगळं त्या तुकड्यावर आलं होतं. जावेचा हरभरा, दिरांच्या पाठीवरचा पंप, आणि तो धुरा.

थांबे उभे राहिले. मी दुर्बीण घेऊन मोटारीच्या खोलीच्या सावलीत खुर्ची टाकली. पक्षी आले नाहीत.

मला याचं फार नवल वाटलं. पक्षी नव्हतेच असं नाही. हिवरात साळुंक्या भांडत होत्या. विजेच्या तारेवर कोतवाल बसले होते. काळेभोर, शेपटीला दोन टोकं. शेजारच्या वावरात नांगर चालू होता, त्याच्यामागे गायबगळे आणि धोबी पक्षी चालत होते, नांगरवाल्याच्या अगदी पायांत. कोतवाल तारेवरून उडे, आमच्या धुऱ्यापर्यंत येई, आणि तिथून वळून शेजारच्या वावरात जाई. जसं काही आमच्या हरभऱ्याभोवती काचेची भिंत होती.

"वहिनी, बसस्टॉप तर बांधले जागोजागी," दीर जाता जाता म्हणत. "आता बस कधी येते ते तुम्ही पाहून घ्या."

"येईल," जाऊ आतून ओरडे. "आपल्या नरखेडच्या यष्टीसारखी येईल. उशिरा येईल, पण येईल."

आम्ही दोघींनी तर्क लढवायला सुरुवात केली. मला वाटलं, काठ्या बुटक्या असतील. दोन उंच करून पाहिल्या. जावेला वाटलं, नव्या कापलेल्या लाकडाचा वास येत असेल. तिने त्यांना शेणकाला फासला. मला वाटलं, आडवी काडी जाड आहे, पक्ष्याच्या पायाच्या मुठीत बसत नाही. बारीक काड्या बांधल्या. तेवढ्यात घाट्यांवर भोकं दिसायला लागली होती. जाऊ रोज सकाळी एखादं झाड वाकवून बघायची आणि उभी राहताना माझ्याकडे बघायची नाही.

मग एका सकाळी धुकं पडलं. वारा अजिबात नव्हता. साड्या तारेवर ओल्या होऊन सरळ लोंबत होत्या, घरात खुंटीला टांगल्यासारख्या. मी चहाचा पेला घेऊन बाहेर आले तर समोर थांब्यावर एक कोतवाल बसलेला. मी तिथेच थांबले. तो खाली झेपावला, काहीतरी उचललं, परत काठीवर आला, आणि ती अळी दोन्ही बाजूंनी काठीवर आपटून गिळली. आणखी एक कोतवाल आला. जाऊ माझ्या मागे येऊन उभी राहिली होती, ते मला तिच्या श्वासावरून कळलं.

मग ऊन आलं, धुकं उठलं, आणि संत्र्याच्या बागेकडून वाऱ्याची पहिली झुळूक आली. जांभळी साडी फुगली आणि फाडकन् फडकली. दोन्ही कोतवाल उडाले ते थेट तारेवर.

तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं. एकीकडे आम्ही पक्ष्यांसाठी बसायला काठ्या रोवल्या होत्या, आणि दुसरीकडे त्यांना हाकलायला चारी बाजूंनी माझ्या साड्या बांधल्या होत्या. रोही ज्याला भितात त्याला कोतवालही भितो, हे आमच्या दोघींच्याच काय, दिरांच्याही डोक्यात आलं नव्हतं. साड्या दरवर्षीच्या, त्यामुळे त्या कोणाला दिसतच नव्हत्या.

दिरांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसले. मग गंभीर झाले.

"आता काय करता? साड्या काढल्या तर रोही येते. ठेवल्या तर पाखरू येत नाही. अळी खाईल का रोही खाईल, एवढंच ठरवाचं राहिलं."

"तुमाले लय मजा वाटून राहिली," जाऊ म्हणाली.

"मजा नाही वं. पण सांग नं, काय करतं?"

मी म्हटलं, धुऱ्याच्या बाजूच्या तेवढ्या काढून बघू. दीर म्हणाले, रोही त्याच बाजूने येतात. हे खरं होतं. त्यांच्या खुरांचे ठसे धुऱ्यावरच असायचे.

त्याच दिवशी संध्याकाळी तुमचा फोन आला. मी तुम्हाला सूर्य बुडताना दाखवायला फोन वावराकडे वळवला, आणि धाकटीने तो प्रश्न विचारला. नेटवर्क गेलं तरी जाऊ आणि मी हसत होतो. दीर ओसरीवरून म्हणाले, "सांगा पोरीले, तिच्या आजीचा धुणं वाळत घालाचा धंदा हाय."

जाऊ हसता हसता थांबली. ती दोरीवरून दिवसाचे वाळलेले कपडे काढत होती. हातात दिरांचा सदरा तसाच धरून ती म्हणाली, "बाई, वाळत घातलेला कपडा कोणी रात्रंदिवस ठेवते का?"

"म्हणजे?"

"सकाळी घालते, संध्याकाळी काढते. आपण उलटं करू. दिवस बुडाला का साड्या घालू, उजाडलं का काढू. रोही काही दिवसा येत नाही. अन् पाखरू काही रात्री येत नाही."

मग तिला तिच्या माहेरची गोष्ट आठवली. तिची आजी थंडीत दिवस बुडताना हरभऱ्याच्या झाडांवर धुतलेलं धोतर अंथरायची. रात्रभर दव पडायचं. हरभऱ्याच्या पानांवर एक आंबट रस असतो, तो दवात उतरतो आणि कापडात मुरतो. उजाडायच्या आत आजी ते धोतर उचलून पिळायची आणि तो आंबट अर्क बाटलीत भरून ठेवायची. त्याला आंब म्हणतात. पोरांचं पोट दुखलं की चमचाभर. "कपडा रात्री वावरात, दिवसा घरात," जाऊ म्हणाली. "आमच्या घरी हे कोणाले नवं नाही. मलेच आठवलं नाही."

दीर म्हणाले, "म्हणजे रोज संध्याकाळी वावराले लुगडं नेसवाचं, अन् रोज सकाळी सोडाचं?"

"हो. अन् तुमी तिकडे पाहू नका, एवढं करा."

दीर उठून बैलांना वैरण टाकायला गेले. त्यांच्या जवळ उत्तर नसलं की बैलांना भूक लागते.

रोज साड्या घालणं आणि काढणं सोपं नव्हतं. गाठी सोडता सोडता बोटं बधिर व्हायची. इथे माझा थोडा उपयोग झाला. मी प्रत्येक साडीच्या काठाला नाड्या शिवल्या आणि कोणती साडी कोणत्या काठीपासून कोणत्या काठीपर्यंत, हे ठरवून दिलं. काढताना त्याच क्रमाने घडी घालून टोपलीत, म्हणजे घालताना वरचीच पहिली हाताला येते. जाऊ म्हणाली, "तुमी शाळेत पोरांईले असंच रांगेत उभं करत असान." मी म्हटलं, पोरं एवढी सरळ उभी राहत नव्हती.

पहिले काही दिवस कोणी आलं नाही. पक्ष्यांनाही भरवसा वाटायला वेळ लागत असावा. मग आधी कोतवाल आले. मग साळुंक्या, पण त्या थांब्यांवर बसत नव्हत्या. सरळ झाडांमधून पायी चालत होत्या, बाजारात भाजी निवडणाऱ्या बायकांसारख्या, मान वाकडी करून. धोबी आले, शेपटी वर-खाली करत. एके दिवशी नीळकंठ आला, आणि तो उडाला तेव्हा पंखांचा तो निळा रंग पाहून जाऊ हातातलं काम टाकून उभी राहिली. कोण काय खातं हे बघायचा मला नादच लागला. कोतवाल बाहेर लोंबणाऱ्या अळीची शेपूट पकडून तिला घाट्यातून ओढून काढतो. साळुंकी घाटाच फोडते, त्यामुळे थोडं नुकसानही करते. हे दिरांनी आवर्जून मला दाखवलं. मी ते नाकारलं नाही. दिसलं ते दिसलं.

एक गोष्ट मात्र मला कळत नव्हती. पक्षी हरभऱ्याच्या धुऱ्याकडच्या अर्ध्या भागातच उतरत. विहिरीकडच्या भागात थांबे तेवढेच, अळ्या तेवढ्याच, साड्या दोन्हीकडे काढलेल्या. तरी तिकडे क्वचितच कोणी जाई. मला वाटलं, आपण तिकडे वावरतो म्हणून. मी खुर्ची हलवून दुसऱ्या टोकाला नेली. काही फरक पडला नाही.

त्याचं उत्तर एका दुपारी मिळालं. सगळे पक्षी खाली चरत होते, आणि एकदम कोणीतरी शीळ घातल्यासारखा आवाज झाला. डोळ्याचं पातं लवायच्या आत हरभरा रिकामा. सगळे हिवरात, बोरीत, रायमुनियाच्या झुडपात. वरून एक शिक्रा गेला; लहानसा ससाणाच म्हणा. त्याने धुऱ्यावर एक घिरटी घातली, काट्यांत शिरता येईना, आणि निघून गेला. त्याच्या मागे एक कोतवाल भांडत भांडत दूरवर गेला. थोड्या वेळाने एकेक करून सगळे परत खाली आले, पण धुऱ्यापासून पटकन परत जाता येईल तेवढ्याच अंतरावर.

हे मी जावेला सांगितलं. दिरांना मुद्दाम सांगितलं नाही. त्यांना कोणी सांगितलेलं आवडत नाही. ते स्वतः बघतील तर बघतील, असं आमचं ठरलं.

ते बघत होतेच. मोटार बघायला म्हणून येत, आणि मोटारीकडे पाठ करून उभे राहत.

संक्रांतीच्या सकाळी तिळगूळ दिल्यावर ते म्हणाले, "चला, पाहू तुमची शाळा." आम्ही तिघं हरभऱ्यात उतरलो. त्यांनी धुऱ्याच्या कडेपासून सुरुवात केली. झाड वाकवत, घाटे बोटांनी चाचपत. तिथे भोक पडलेला घाटा शोधावा लागत होता. पुढे सरकत गेलो तशी भोकं वाढत गेली. विहिरीच्या टोकाला पोचलो तेव्हा त्यांनी एक फांदी मोडून जावेच्या हातात दिली. तिच्यावरचे निम्मे घाटे पोकळ होते.

"हे पाह्य," ते म्हणाले. "इकडे खाल्लं नं अळीनं."

"हो," जाऊ म्हणाली. "इकडे खाल्लं."

मला वाटलं, संपलं. दीर फांदीकडे बघत उभे होते. मग ते परत उलटे चालायला लागले, विहिरीकडून धुऱ्याकडे, तसेच वाकून, तसेच चाचपत. आम्ही मागे गेलो नाही. त्या टोकाला पोचून ते हिवराखाली थांबले आणि त्यांनी वर पाहिलं.

परत आले तेव्हा म्हणाले, "विहिरीकडला भाग हिरवाच खुडून घ्या. सोले करा. अळीनं खाल्लेले निवडून फेका. वाळू देऊ नका तिकडलं."

"अन् पंप?" जावेने विचारलं.

"पंपाचं वायसर गेलं," दीर म्हणाले. "आणाले जाईन कधी तरी."

वायसर, म्हणजे पंपातली रबरी चकती, गावातल्या दुकानात मिळतं. मी त्या दुकानातून साबण आणते. जाऊ पाठमोरी होऊन टोपली आणायला निघालीच होती, पण तिचे खांदे हसण्याने हलत होते.

धुऱ्याचं मात्र ते काहीच बोलले नाहीत, आणि विचारायची हिंमत आम्हाला झाली नाही. जावेचं म्हणणं होतं की विचारलं तर ते हट्टाने नाही म्हणतील. मला वाटत होतं की एकदा विचारून मोकळं व्हावं. आम्ही दोघी सोले सोलत यावर वाद घालत राहिलो. नखं हिरवी झाली, निर्णय झाला नाही.

जेसीबी आला तो सकाळीच. लांबून आवाज ऐकला आणि आम्ही दोघी बाहेर आलो. आम्ही त्या दिवशीच्या साड्या काढून टोपलीत ठेवल्या होत्या. टोपली ओसरीवर नव्हती. शेजारच्या वावरात जायचा रस्ता आपल्या धुऱ्याच्या कडेने जातो, आणि ते पिवळं यंत्र त्या रस्त्याने येत होतं.

धुऱ्यावर दीर होते. टोपली त्यांच्या पायाशी होती. ते बोरीपासून हिवरापर्यंत, हिवरापासून पळसापर्यंत माझ्या साड्या बांधत होते. क्रम चुकला होता. बिस्किटीच्या आधी जांभळी आली होती. नाड्या असून त्यांनी गाठीच मारल्या होत्या.

यंत्र थांबलं. चालवणाऱ्याने वरून डोकं काढलं.

"काका, हे काय जी? धुऱ्याचं लगन लावून राहिले का?"

"लगन-बिगन नाही," दीर म्हणाले. "तुले रस्ता अरुंद हाय. साडीच्या अलीकडे यंत्र नको आणू, एवढंच."

"तुमीच त म्हणत होते, हा धुरा काढाचा हाय."

"म्हणत होतो," दीर म्हणाले. "आता नाही म्हणून राहिलो. चल, पुढे चल."

तो साड्यांकडे पाहत हसला, आणि यंत्र हळूहळू, बोरीच्या फांद्या चुकवत पुढे गेलं. एक फांदी मोडलीच. दिरांनी ती उचलली, वरची बोरं तोडून खिशात घातली.

आम्ही दोघी धुऱ्यावर गेलो आणि जाऊ साड्या सोडायला लागली, कारण ऊन वर आलं होतं आणि पक्ष्यांची वेळ होती. सगळे पक्षी हिवरात गप्प बसले होते. साड्या फडफडत असताना कोणी खाली उतरणार नव्हतं.

"राहू दे वं," दीर म्हणाले. त्यांनी एक बोर तिला दिलं आणि एक मला. "यंत्र दिवसभर जाणार-येणार. आज पाखराईले सुट्टी."